पावसाळी ट्रेकचे कपडे लवकर वाळावेत म्हणून: खरेदीपासून मुक्कामापर्यंतचे टप्पे

वर ड्राय-फिट टी-शर्ट, आत सुती बनियन, खाली सुती अंडरवेअर आणि पायात सुती मोजे. जून ते सप्टेंबर सह्याद्रीत कुठल्याही रविवारी हा पोशाख हमखास दिसतो. वरचा टी-शर्ट पाऊस थांबल्यावर सुकायला लागतो, पण अंगाला चिकटलेली बनियन संध्याकाळपर्यंत ओलीच राहते. मग माथ्यावर थांबलं की हुडहुडी भरते, उतरताना मांड्या सोलवटतात, घरी पोचेपर्यंत टाचेला फोड आलेला असतो आणि दोन-चार दिवसांत जांघेत खाज सुटते. पैसे खर्च होऊनही त्रास तोच, कारण खरेदी, धुणं, वाळवणं आणि सॅक भरणं यांचा मेळ बसलेला नसतो. खाली सगळे टप्पे करायच्या क्रमानेच दिले आहेत. आधीचा टप्पा चुकला तर पुढचा कितीही नीट केला तरी फारसा उपयोग होत नाही.

## टप्पा १: वाळण्याचं गणित समजून घ्या

ओल्या कापडातलं पाणी उडण्याचा वेग सुरुवातीचा बराच काळ धाग्याच्या जातीवर फारसा अवलंबून नसतो. पंखा तोच, हवा तीच आणि आकार सारखा असेल, तर सुती आणि पॉलिस्टर टी-शर्ट तासाभरात जवळपास सारखंच पाणी सोडतात. खरा फरक पडतो तो कापडाने सुरुवातीला किती पाणी धरलं होतं यामुळे. ज्याने कमी धरलं, त्याचं आधी संपतं.

६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत सुती धागा स्वतःच्या कोरड्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के ओल नुसत्या हवेतूनच घेऊन बसलेला असतो. नायलॉन ४ टक्क्यांच्या आसपास, पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. लोकर १५-१६ टक्क्यांच्या घरात जाते. पॉलिस्टरच्या धाग्यात पाणी शिरत नाही, ते धाग्यांमधल्या फटींत अडकतं. म्हणून पातळ, मोकळ्या विणीचं पॉलिस्टर झटकन वाळतं. पण जाड, दुहेरी विणीचं किंवा आतून लव असलेलं पॉलिस्टर पातळ सुती कापडापेक्षाही जास्त वेळ ओलं राहू शकतं. लेबलवर नुसतं ‘पॉलिस्टर’ वाचून घेणाऱ्यांची फसगत होते ती इथेच.

दुसरी बाजू हवेची. तापमान तेवढंच असेल तर ६० टक्के आर्द्रतेत कापड ज्या वेगाने पाणी सोडतं, त्याच्या साधारण पाव वेगाने ते ९० टक्के आर्द्रतेत सोडतं. मुंबई-कोकणातल्या जुलैत किंवा घाटमाथ्यावरच्या ढगात कुठलाही कपडा ‘आपोआप’ वाळेल ही आशा सोडून द्या. तिथे पाणी आधी पिळून, दाबून, गरगरवून बाहेर काढावं लागतं. उडण्यासाठी शेवटचं थोडंसंच शिल्लक राहिलं पाहिजे.

याचा अंगाला काय फरक पडतो? एक ग्रॅम पाणी उडायला सुमारे २.४ किलोजूल उष्णता लागते. अंगावरच्या टी-शर्टमध्ये १५० ग्रॅम पाणी असेल तर ते पूर्ण उडायला ३६० किलोजूल, म्हणजे ८५ किलोकॅलरींच्या आसपास उष्णता जाते, आणि तिचा मोठा वाटा तुमच्या शरीरातून येतो. चढताना शरीर उष्णता तयार करत असतं, तेव्हा हे थंडावणं हवंहवंसंच वाटतं. थांबल्यावर मात्र शरीराची भट्टी मंदावते आणि कापड उष्णता खेचतच राहतं. त्यातच कापडाच्या फटींमधल्या हवेची जागा पाण्याने घेतलेली असते, आणि पाणी स्थिर हवेपेक्षा वीस पटींहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं. तळाच्या गावात उकडत असतं आणि हजार मीटर वर गेल्यावर हवा ५-६ अंशांनी गार असते. सोबत वारा असतो. भर जुलैत माणसं माथ्यावर कुडकुडतात ती यामुळेच.

## टप्पा २: खरेदी, आतून बाहेर

क्रम उलटा ठेवा. टी-शर्ट शेवटी घ्या. आधी अंडरवेअर, मग मोजे, मग पॅन्ट, मग टी-शर्ट. अंगाला जे सगळ्यांत जवळ आणि सगळ्यांत घट्ट असतं, तेच सगळ्यांत उशिरा वाळतं आणि तेच कातडी सोलतं.

अंडरवेअर. पॉलिस्टर किंवा नायलॉनमध्ये थोडं स्पॅन्डेक्स (रबरासारखा ताणला जाणारा धागा) असलेली, मांडीच्या मध्यापर्यंत येणारी बॉक्सर घ्या. मांडीच्या आतल्या बाजूला जाड शिवण नसावी. बनियन घालूच नका. ‘घाम टिपायला काहीतरी हवं’ म्हणून घातलेली बनियन घाम टिपते आणि धरून ठेवते.

स्पोर्ट्स ब्रा. यात पॅडचा फोम स्पंजासारखा पाणी पितो आणि सगळं वाळलं तरी तो ओला राहतो. पॅड काढता येतील अशीच घ्या, धुताना आणि वाळवताना ते वेगळे करा. खांद्यावरचे पट्टे आणि खालचं इलॅस्टिक रुंद असेल तर आतून जाळीदार आहे का ते पाहा.

मोजे. पॉलिस्टर-नायलॉनचे, किंवा लोकर मिसळलेले पातळ मोजे. लोकर उशिरा वाळते, पण ओली असताना सुतासारखी पायाला चिकटत नाही. एकदिवसीय ट्रेकला दोन जोड, मुक्काम असेल तर तीन. त्यातला एक फक्त झोपायचा.

पॅन्ट. १०० टक्के नायलॉन किंवा पॉलिस्टरची, पातळ विणलेल्या कापडाची. दगडावर बसणं, घसरणं होत असेल तर नायलॉन जास्त टिकतं. ते पॉलिस्टरपेक्षा थोडं उशिरा वाळतं, पण हा सौदा आम्हाला पटतो. जीन्सचा विषयच नको: १२ औंसाचं डेनिम म्हणजे चौरस मीटरला ४०० ग्रॅमहून जास्त कापड, तेही सुती. भिजल्यावर ते गुडघा उचलू देत नाही. बाजारातल्या लेगिंग्जही तपासून घ्या. हाताला मऊ, गार लागणाऱ्या बऱ्याच लेगिंग्ज कॉटन किंवा व्हिस्कोसच्या (सुतासारखंच पाणी पिणारं कापड) असतात. त्यात ५ टक्के स्पॅन्डेक्स आहे म्हणून त्या ट्रेकच्या होत नाहीत.

टी-शर्ट. कापडाचा जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, १२० ते १५० असावा. त्याहून जाड कापड पाणी जास्त धरतं. १०० च्या खालचं कापड सॅकच्या पट्ट्यांखाली लवकर विरतं. लेबलवर जीएसएम नसेल तर एक सोपी युक्ती आहे. मध्यम मापाच्या अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टला ढोबळमानाने एक चौरस मीटर कापड लागतं, म्हणून टी-शर्टचं ग्रॅममधलं वजन हाच त्याचा अंदाजे जीएसएम. १३०-१४० ग्रॅम भरला तर योग्य, २०० भरला तर परत ठेवा.

स्पॅन्डेक्स १० टक्क्यांपेक्षा जास्त नको. लायक्रा म्हणून विकलं जाणारं जाड, ताणलं जाणारं कापड अंगावर छान बसतं, पण दाट असतं आणि घट्ट बसल्यामुळे आतून हवाच फिरत नाही. टी-शर्ट अंगापासून दोन बोटं सुटा असला की तो अंगावरच वाळतो.

तपासा: पॅन्टचे खिसे उलटे करून पाहा. बाहेरचं कापड नायलॉन आणि खिशाची पिशवी सुती, हा प्रकार सर्रास आढळतो. खिसे जाळीचे हवेत. कमरेच्या पट्ट्यात दुहेरी कापड आणि जाड सुती नाडी असेल तर तो भाग रात्रभर वाळणार नाही. नाडी बदलून पातळ नायलॉनची घाला, पाच मिनिटांचं काम आहे.

## टप्पा ३: घरी परीक्षा घ्या

‘क्विक ड्राय’ असं छापलेलं असणं आणि कापड तसं असणं यात फरक आहे. नवा कपडा एकदा साध्या पाण्याने धुवून वाळवा, कारण नव्या कापडावर कारखान्यातला थर असतो आणि तो निकाल बिघडवतो. मग पुढच्या दोन परीक्षा.

थेंबाची परीक्षा. टी-शर्ट उलटा करून सपाट पसरा. आतल्या बाजूवर एक थेंब पाणी सोडा.

१. थेंब दोन-तीन सेकंदांत शिरला आणि रुपयाच्या नाण्याएवढा किंवा मोठा पसरला: उत्तम. पाणी जितकं पसरेल तितकं पातळ होतं आणि तितकं लवकर उडतं.
२. थेंब शिरला, पण गडद ठिपका तेवढाच राहिला: कापड पाणी धरतंय, पसरवत नाही. असा टी-शर्ट पाठीवर आणि काखेत पॅचसारखा ओला राहील.
३. थेंब दहा सेकंदांनंतरही मण्यासारखा वरच: घाम कापडात जाणारच नाही, कातडीवर ओघळेल. विंडचीटरच्या बाहेरच्या बाजूला हे चांगलं लक्षण आहे, टी-शर्टच्या आतल्या बाजूला नाही.

वजनाची परीक्षा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा घ्या. नेहमी दोन कपडे एकत्र तपासा, नवा आणि एखादा रोजचा सुती. हवा दररोज बदलते, त्यामुळे एकट्या कपड्याचे आकडे काही सांगत नाहीत.

१. दोन्हींचं कोरडं वजन लिहून ठेवा.
२. बादलीत साध्या पाण्यात १५ मिनिटं बुडवा. आतली हवा दाबून काढा.
३. दोन्ही एकाच पद्धतीने, एकाच माणसाने पिळा. पुन्हा वजन. वाढ म्हणजे धरलेलं पाणी.
४. एकाच पंख्याखाली हँगरला लावा. दर २० मिनिटांनी वजन घ्या.
५. वजन कोरड्यापेक्षा ४-५ ग्रॅमच जास्त उरलं की कपडा वाळला समजा. अगदी शेवटच्या ग्रॅमची वाट पाहू नका. दमट दिवसांत सुती कापड हवेतूनच ओल घेतं आणि मूळ वजनावर येतच नाही.

समजा पॉलिस्टर कोरडा १४० ग्रॅम होता आणि पिळल्यावर २२० झाला, म्हणजे ८० ग्रॅम पाणी. सुती १९० वरून ३४० ला गेला, म्हणजे १५० ग्रॅम. दोन्ही तासाला ४० ग्रॅम पाणी सोडत असतील तर पहिला दोन तासांत वाळेल, दुसऱ्याला पावणेचार तास लागतील. शेवटचा टप्पा आणखी रेंगाळतो, कारण तेव्हा पाणी शिवणींत आणि धाग्याच्या आत उरलेलं असतं.

तपासा: पिळल्यानंतर धरलेलं पाणी कोरड्या वजनाच्या ६० टक्क्यांच्या आत असेल तर तो कपडा मुक्कामी ट्रेकला न्या. ८० टक्क्यांच्या वर असेल तर लेबल काहीही म्हणो, तो शहरात वापरा.

## टप्पा ४: धुताना ज्या चुका होतात

चांगला टी-शर्ट वर्षभरात ‘पहिल्यासारखा वाळत नाही’ अशी तक्रार येते, तेव्हा बहुतेक वेळा कारण धुण्यात असतं. सगळ्यांत मोठा गुन्हेगार म्हणजे शेवटच्या पाण्यात घालायचं सुगंधी कंडिशनर. ते धाग्यावर मेणचट थर सोडतं. सुती चादरीला त्यामुळे मऊपणा येतो, पण ड्राय-फिट कापडाच्या ज्या फटींतून घाम पसरायचा असतो त्यांच्यावरच हा थर बसतो. थेंबाच्या परीक्षेत असा टी-शर्ट मणी दाखवायला लागतो.

१. कपडा उलटा करा, चेन लावून घ्या. तेल, घाम, कातडीचा थर आतल्या बाजूला असतो.
२. टॉवेल, जीन्स, चादरींसोबत टाकू नका. त्यांचे तंतू चिकटतात आणि जड कपडे पातळ विणीला घासतात.
३. द्रव साबण वापरा. बादलीत १० लिटर पाण्याला एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिली. मशीनमध्ये अर्ध्या भरण्याला २०-२५ मिली. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ हा समज सोडा. न निघालेला साबण हाही एक थरच आहे आणि तो हवेतली ओल ओढतो.
४. गार किंवा कोमट पाणी, ३० अंशांपर्यंत. भिजवणं २०-३० मिनिटं. रात्रभर भिजत ठेवलेल्या कपड्याला दुसऱ्या दिवशी कुबट वास येतोच.
५. ब्रश नको. काखेत आणि कॉलरला बोटांनी चोळा.
६. तीन वेळा खळबळा. बोअरवेलच्या जड पाण्याच्या सोसायटीत चौथ्यांदा.

तपासा: शेवटच्या पाण्यातून काढलेला कपडा दोन बोटांत चोळून पाहा. बुळबुळीत लागला तर साबण अजून आहे.

सावधान: क्लोरीनचं ब्लीच नको, स्पॅन्डेक्स त्याने मरतं आणि कपडा सैल पडतो. गरम इस्त्रीही नको. या कपड्यांना इस्त्री लागतच नाही.

## टप्पा ५: पावसाळ्यात घरी वाळवणं

आधी पाणी बाहेर काढा. मशीनला ८०० ते १००० फेऱ्यांवर पाच मिनिटांचं स्पिन, आणि ते संपल्यावर कपडे सोडवून, जागा बदलून पुन्हा एकदा. अर्धस्वयंचलित मशीनचा छोटा ड्रायर याहूनही चांगलं काम करतो. मशीन नसेल तर पंचा घ्या. कोरडा पंचा पसरा, त्यावर टी-शर्ट सपाट ठेवा, घट्ट गुंडाळी करा आणि गुंडाळीवर गुडघा टेकवून अर्धा मिनिट दाबा. पिळून काढता येत नाही ते पाणी पंचा ओढून घेतो. नुसतं पिरगाळत बसू नका, त्याने शिवणी उसवतात आणि पाणी घड्यांतच राहतं.

मग हवा. १० बाय १० फुटांची, १० फूट उंचीची बंद खोली घ्या. २७ अंश तापमानाला आणि ८० टक्के आर्द्रतेला त्या हवेत आणखी फक्त १५० ग्रॅमच्या आसपास पाणी मावतं. म्हणजे नीट न पिळलेल्या दोन टी-शर्टमध्ये खोलीची हवा भरून जाते, आणि त्यानंतर पंखा तीच ओली हवा गोल-गोल फिरवत राहतो. सगळ्या खिडक्या लावून, पंखा जोरात करून कपडे सकाळी दमटच सापडतात, त्याचं कारण हे.

१. समोरासमोरच्या दोन खिडक्या किंवा खिडकी आणि दार उघडं ठेवा. बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन चालू ठेवून मधलं दार उघडलं तरी चालतं.
२. टेबल फॅन कपड्यांच्या बाजूने, चार-पाच फुटांवरून. छताचा पंखा वरच्याच कपड्यांना लागतो.
३. रुंद खांद्याच्या हँगरला टी-शर्ट असा लावा की पुढची आणि मागची बाजू एकमेकांना टेकणार नाही. दोन कपड्यांत चार बोटं अंतर.
४. पॅन्ट उलटी करा, खिसे बाहेर काढा, कमर उघडी राहील अशी दोन चिमट्यांनी लावा, म्हणजे पायांच्या नळीतून हवा जाईल.
५. तासाभराने कपडे फिरवा.

घरात एसी असेल तर तो ड्राय मोडवर किंवा साध्या कूलिंगवर लावा, पण तेव्हा मात्र खिडक्या बंद हव्यात. एसी हवेतलं पाणी काढून बाहेर टाकतो, त्यामुळे पंख्यासोबत तो सगळ्यांत कामाचा.

तपासा: वाळला का हे तळहाताने कळत नाही. कापड गालाला किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला लावा. शेजारच्या कोरड्या कपड्यापेक्षा गार लागलं तर ओल आहे. कॉलर, काखेची शिवण, कमरेचा पट्टा, नाडीची टोकं आणि खिशाचा तळ या पाच जागा पाहिल्याशिवाय कपाटात ठेवू नका.

## टप्पा ६: सॅक भरणं

दोन जोड करा आणि त्यांना नावं द्या: चालायचा जोड आणि झोपायचा जोड. चालायचा भिजणारच. झोपायचा कधीही भिजता कामा नये. सगळी शिस्त याच एका वाक्याभोवती आहे.

रेनकव्हरवर विसंबू नका. पाठ आणि सॅक यांच्यामधून उतरणारं पाणी कव्हर अडवत नाही. आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी अस्तरासारखी घाला, तोंड पिळून खाली दुमडा. झोपायचा जोड त्यातही वेगळ्या झिपलॉकमध्ये, हवा दाबून काढून. पंचा सॅकच्या वरच्या कप्प्यात, हाताशी. ओल्या कपड्यांसाठी एक रिकामी पिशवी, आणि ती सॅकच्या आतल्या अस्तराच्या बाहेर.

झोपायच्या जोडात काय: पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, हलकी पॅन्ट, अंडरवेअर, मोजे, एक पातळ फ्लीस (लव असलेलं ऊबदार जॅकेट). इथे सुती टी-शर्ट चालेल, कारण तो भिजणारच नाही.

## टप्पा ७: वाटेवर

निघताना. थोडं गार वाटेल इतकेच कपडे घाला. पायथ्याशी ऊबदार वाटत असेल तर दहा मिनिटांत घामाने भिजाल. रेनकोटचा प्रश्न नेहमी येतो. सह्याद्रीच्या कोमट, दमट पावसात ‘श्वास घेणारा’ महाग रेनकोटही चढताना फारसं काम करत नाही. आतली वाफ बाहेर ढकलायला आत-बाहेरच्या ओलाव्यात फरक लागतो, आणि इथे तो फारच थोडा असतो. म्हणून चढावर चेन उघडी, किंवा रेनकोट काढूनच चाला. पावसाने भिजणं आणि घामाने भिजणं यात अंगाला फरक कमी आहे. झोंबरा वारा, उघडी धार किंवा सपाटी आली की घाला.

माथ्यावर. पहिल्या पाच मिनिटांत हे करा, फोटो नंतर.

१. वाऱ्याच्या आडोशाला जा: कडा, तटबंदी, देऊळ.
२. टी-शर्ट काढून घट्ट पिळा, पंच्याने अंग पुसा, पंचाही पिळा.
३. पिळलेला टी-शर्ट पुन्हा घालून वर विंडचीटर. एकदिवसीय ट्रेकला कोरडा टी-शर्ट इथे काढू नका, तो खाली गाडीत बसण्याआधी घालायचा आहे.
४. मोजे पिळून बदला. पाय पांढरेफटक आणि सुरकुतलेले दिसत असतील तर दहा मिनिटं उघडे ठेवा.

सावधान: थरथर थांबत नाही, शर्टाची बटणं लावता येत नाहीत, बोलणं अडखळतं, पाय लटपटतात, ही हायपोथर्मियाची, म्हणजे शरीराचं तापमान धोकादायकरीत्या खाली गेल्याची लक्षणं आहेत आणि ती पंधरा-वीस अंश तापमानातही दिसू शकतात. तेव्हा वरचा नियम बाजूला ठेवा. आडोसा, सगळे ओले कपडे उतरवणं, कोरडा जोड, डोक्याला टोपी, खाली मॅट, आणि माणूस शुद्धीवर असेल तर गरम गोड पेय. एकट्याला खाली पाठवू नका.

मुक्कामाला. राजमाचीची उधेवाडी असो वा हरिश्चंद्रगडाखालचं पाचनई, घरात शिरल्यावर चहाआधी कपडे बदला. ओले कपडे पिळा, पंच्यात गुंडाळून दाबा, पडवीत वारा आरपार जाईल तिथे टांगा. दोरीला दोन पीळ देऊन कपड्याची कड त्यात अडकवली की चिमटे लागत नाहीत. झोपताना कपडे आत घ्या, पहाटेच्या धुक्यात ते पुन्हा ओल धरतात.

चुलीवर वाळवायचा मोह होतो. हातभराहून जवळ नेऊ नका. पॉलिस्टर आणि नायलॉन वितळतं, आणि वितळलेलं कापड कातडीला चिकटून खोल भाजतं. त्यामुळे हे कपडे घालून चुलीशी फुंकणी घेऊन बसणंही टाळा. बुटांनाही धग देऊ नका, तळाचा गोंद सुटतो. बुटांचा आतला तळवा काढा, वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि पहिल्या दोन तासांत दोनदा बदला. एकदाच भरून सकाळपर्यंत ठेवलेला ओला कागद पाणी परत बुटालाच देतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी. सगळ्यांत जास्त लोक इथे चुकतात. चालायचा जोड दमट, गार असतो आणि अंगात घातलेला कोरडा जोड काढवत नाही. म्हणून कोरड्यातच चालायला सुरुवात होते, अर्ध्या तासात तो भिजतो, आणि दुसऱ्या मुक्कामाला दोन्ही जोड ओले. तेव्हा ट्रेक दोन रात्रींचा असेल तर दमट जोडच घाला. दोन मिनिटं नकोसं वाटेल. चढ लागला की अंगाची उष्णता ते कापड दोरीपेक्षा लवकर वाळवते, कारण तुमची कातडी भोवतालच्या हवेपेक्षा कितीतरी गरम असते. हीच गोष्ट झोपताना करू नका. चालणं नसेल तर तेवढी उष्णता तयार होत नाही आणि ओल स्लीपिंग बॅगमध्ये उतरते.

## टप्पा ८: परतल्यावर

ओल्या कपड्यांची पिशवी गाडीच्या डिकीत किंवा दारामागे सोमवारपर्यंत पडून राहिली की वास पक्का बसतो. पॉलिस्टर पाणी कमी धरतं, पण अंगातलं तेल घट्ट धरतं, आणि जिवाणूंना तेवढं पुरतं. त्याच रात्री धुणं जमत नसेल तर निदान साध्या पाण्यातून काढून, पिळून, पसरून ठेवा. अंडरवेअर आणि मोजे मात्र त्याच रात्री धुवा. जांघेतलं गजकर्ण दमट कपड्यांत बळावतं आणि घरातल्या इतरांनाही होतं, म्हणून हे कपडे इतरांच्या कपड्यांत मिसळू नका. चट्टा दिसला तर दुकानातून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणून लावू नका, त्याने ते दबतं आणि पसरतं. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

वास बसलाच असेल तर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग गार पाणी यात कपडा अर्धा तास बुडवा, मग नेहमीसारखा धुवा. व्हिनेगर आणि क्लोरीनचं ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी वायू तयार होतो. वाळल्यावर थेंबाची परीक्षा पुन्हा घ्या. कंडिशनरचा किंवा साबणाचा थर असेल तर तो एक-दोन धुण्यांत निघतो आणि थेंब पुन्हा पसरायला लागतो. तीन धुण्यांनंतरही थेंब मण्यासारखाच राहत असेल तर त्या टी-शर्टवर कारखान्यात केलेली, घाम पसरवणारी मूळ प्रक्रिया उतरली आहे. तो घरच्या व्यायामाला ठेवा, ट्रेकला नवा घ्या.